खिडकीत कोण कोण होतं

बिसेन बाई मला पहिल्यांदा दिसल्या त्या एका सापाला रागावताना.

शाळेत रुजू व्हायचा माझा पहिलाच दिवस होता. नववीच्या वर्गात नाग निघाला म्हणून ओरडा झाला, आणि मी नवा उत्साही माणूस धावत गेलो. कोपऱ्यात नाग फणा काढून बसला होता, पोरं बाकांवर चढली होती आणि बाई हातात खराटा घेऊन त्याला वाट दाखवत होत्या, "निघ. निघ म्हणते ना. दार इकडं आहे." मी शिक्षकांच्या टेबलावर कधी चढलो ते मला आजही सांगता येणार नाही. एक मुलगी डोळे गच्च मिटून रडत होती. बाई मान न वळवता तिला म्हणाल्या, "अश्विनी सुखदेव पटले, डोळे उघड. घाबरायचं असन तर खुशाल घाबर, पन डोळे उघडे ठेवून घाबर. डोळे मिटले तर साप कुठं गेला ते तुले समजन कसं?"

नाग गेला. बाईंनी खराटा जागेवर ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "तुम्ही साकोलीकडचे कापगते सर ना? उतरा आता."

भंडारा जिल्ह्यात आंबागडचा किल्ला मागे टाकून नाकाडोंगरीच्या दिशेनं निघालं की दाट जंगल सुरू व्हायच्या जरा आधी आमचं गाव लागतं. नाव मुद्दाम सांगत नाही. पुढं जे सांगणार आहे त्यातली माणसं अजून तिथं धान पिकवतात, मला तुमसरच्या बाजारात भेटतात आणि "काय सर, चहा घेता का?" म्हणून विचारतात. मी चहा घेतो. आग्रह मोडवत नाही.

बाईंच्या आवारात एक रिकामी खोली होती, ती त्यांनी मला भाड्यानं दिली. अट एकच, सकाळी त्यांच्या झाडण्याच्या आड यायचं नाही. त्या अंगण झाडत, मग फाटकाबाहेरचा रस्ता झाडत, मग शेजाऱ्याच्या दारासमोरचाही झाडत, आणि झाडता झाडता त्याला ऐकू जाईल अशा बेतानं त्याच्या आळशीपणाचं वर्णन करत. त्यांचे यजमान भिंतीवरच्या फोटोत होते आणि मुलगा पुण्यात होता. याहून जास्त चौकशी मी केली नाही. पेपर त्या मागच्या पानापासून वाचायच्या, आणि 'हरवले आहेत' म्हणून छोट्या जाहिराती येतात ना, त्यांतली नावं मोठ्यानं म्हणायच्या. हे कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, घरच्यांनी एवढं छापून आणलं, कोणी तरी वाचलं पाहिजे की नाही.

नावांचं त्यांना वेडच होतं. गावातल्या तिशीपस्तिशीपर्यंतच्या प्रत्येकाला त्यांनी शिकवलेलं, आणि प्रत्येकाला हाक मारताना स्वतःचं, बापाचं आणि आडनाव, असं पुरं नाव घ्यायच्या. पाठमोरा माणूस मानेवरून ओळखायच्या, दिसला नाही तर खोकल्यावरून. चिखल्याच्या खाणीतून मँगनीज घेऊन जाणारे ट्रक आमच्या रस्त्यानं जातात. त्यांतला एखादा ड्रायव्हर जुना विद्यार्थी असला की मॅडमनी पाहू नये म्हणून तोंड फिरवायचा, आणि बाई धुरळ्यातून ओरडायच्या, "प्रदीप ज्ञानेश्वर, तंबाखू थुक!" प्रदीप ज्ञानेश्वर बिचारा ट्रकमधून थुंकायचा.

माझा वर्ग ताब्यात राहत नसे. मी घसा फोडून "गप्प बसा" म्हणायचो आणि पोरं जास्तच चेकाळायची. एकदा बाई दारातून डोकावल्या, एका पोराचं पुरं नाव घेतलं, दुसऱ्याचं घेतलं, आणि वर्ग थिजला. नंतर मला म्हणाल्या, "सर, ओरडनारा वर्ग म्हंजे कोनीच नसते. तुम्ही कोनाले रागावता मग? त्यातला एक नावानं उचलायचा. नाव घेतलं का तो एकटा पडते." मला ही शिकवायची युक्ती वाटली. मी ती वापरूनही पाहिली, पण मला नावंच आठवायची नाहीत.

मोहफुलं वेचायच्या दिवसांत एकदा आंबागडहून सायकलवर येताना बाईंच्या पुढ्यात अस्वल आलं. त्या सायकल धरून तशाच उभ्या राहिल्या आणि ते जाईपर्यंत त्याच्याकडे पाहत राहिल्या. गावभर वाहवा झाली. मी विचारलं, बाई, तुम्हाला भीती नाही वाटली? तर म्हणाल्या, "लय वाटली. पाय लटलट कापत होते. पन पाहत होती मी." तेव्हा मला तो विनोद वाटला. बाईंना भीती म्हणजे काय ते ठाऊकच नाही अशी माझी पक्की समजूत होती.

आता देवकाबद्दल सांगायला हवं. गावाच्या टोकाला बोडीच्या, म्हणजे आमच्याकडच्या लहान तळ्याच्या, पाळीजवळ राहणारी ही विधवा. काविळीवर झाडपाला द्यायची, बाळंतिणीला शेकायला जायची, बोलायची कमी. पावसाळ्यात रमेश शरणागत नावाच्या तरुण शेतकऱ्याची तान्ही मुलगी तापानं गेली. त्याच्या आदल्या आठवड्यात देवका तिच्या गालाला हात लावून गेली होती. रमेश दुःखानं वेडापिसा झाला होता, कोणी तरी त्याला भगताकडे नेलं, आणि भगतानं सांगितलं की करणी करणारी तुमच्याच वस्तीतली आहे. नाव त्यानंही घेतलं नाही आणि गावानंही घेतलं नाही. फक्त बोरिंगवर देवका आली की बाया आपापले गुंड, म्हणजे पाण्याचे हंडे, उचलून बाजूला व्हायला लागल्या. तिच्या दारावरून जाताना लेकरांना पदराखाली घ्यायला लागल्या.

दिवाळीच्या सुमारास देवकाचा एकुलता एक मुलगा झाडावरून पडून गेला. गाव म्हणालं, आता तिनं आपलंच खाल्लं.

आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारच्या बाया डब्यातून वरण-भात आणतात, वरणाला फोडणी नसते, आणि घरातल्या बाईजवळ बसून तिला दोन घास खायला लावतात. भांडण असलं, बांधावरून डोकी फुटली असली तरी बसायला जातात. देवकाकडे कोणी गेलं नाही. शेवटी तिनं स्वतःच चूल पेटवली, आणि छपरातून धूर निघाला तर त्याच्यावरही बोलणं झालं, की पोरगा जळून राख झाला नाही अन् हिची चूल पेटली. बाईसुद्धा गेल्या नव्हत्या. सहामाहीचे पेपर तपासायचे होते.

हे सगळं असं चाललेलं असताना एक दिवस दहावीच्या तासाला एका मुलानं बाईंना प्रश्न विचारला. इतिहासाच्या पुस्तकात दुसऱ्या महायुद्धाचा धडा आहे आणि त्यात ज्यू लोकांच्या हत्याकांडावर दोन ओळी आहेत. मुलगा म्हणाला, मॅडम, एवढे लोक घराघरांतून उचलून नेले, तर शेजारी काय करत होते? बाई म्हणाल्या, उद्या सांगते. उद्या काही त्यांना सांगता आलं नाही, आणि उत्तर येत नाही ही गोष्ट त्यांच्या जिवाला लागून राहिली. पुण्याच्या मुलाला त्यांनी फोन केला. त्यानं एका पेनड्राइव्हवर एक चित्रपट पाठवला.

चित्रपट म्हणजे काय, तर एक म्हातारी. त्या छळछावण्यांतून जिवंत परत आलेली. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ती बोलते आणि तिचं बोलणं संपलं की चित्रपट संपतो. मारामारी नाही, प्रेतं नाहीत, गाणं तर नाहीच. तिची भाषा आम्हाला कळणारी नव्हती आणि खाली इंग्रजी अक्षरं येत होती, ती आमच्या पोरांना वाचून होणार नव्हती. बाई म्हणाल्या, मी बाजूला उभी राहते आणि आपल्या बोलीत सांगत जाते.

शाळेला कुठल्याशा योजनेतून प्रोजेक्टर मिळाला होता. त्यावर तोवर फक्त हात कसे धुवावेत एवढंच दाखवलं गेलं होतं. शनिवारची सकाळची शाळा होती. आम्ही हॉलच्या खिडक्यांना धानाचे बारदाने लावून अंधार केला. सिनेमा आहे म्हटल्यावर गावातल्या बायाही आल्या, धान घरात येऊन पडलं होतं आणि त्या जरा मोकळ्या होत्या. इंदूमावशी सगळ्यांत पुढं सतरंजी टाकून बसल्या. इंदूमावशी म्हणजे गावातल्या लग्नाला, बारशाला, मयताला पुढं होणाऱ्या. त्यांनी हो म्हटलं की गावच्या बाया हो म्हणणार.

सुरुवातीला बाई 'ती म्हणते का' असं लावून सांगत होत्या. पण तेवढ्यात पुढचं वाक्य पडद्यावरून निघून जायचं. म्हणून त्या सरळ 'मी' म्हणायला लागल्या.

"माझ्या बापाचं कापडाचं दुकान होतं," बाई म्हणाल्या. "नदीच्या काठी आमचं गाव. पयले माझ्या मैत्रिणीनं शाळेत माझ्याजवळ बसनं सोडलं. मंग दुकानात आमाले सगळ्यांच्या मांगं उभं करू लागले. मंग लोक आमचं नावच घेईनासे झाले." हॉलमध्ये चुळबूळ थांबली होती. "मंग एक दिवस दार वाजलं. आमच्या घरी दूध घालनाऱ्याचा पोरगा होता. माझ्या मायनं त्याले लहानपनी किती खाऊ देल्ला. त्यानं टोपी काढली, मायले वाकून नमस्कार केला, अन् म्हने, मावशी, शाल घ्या. बाहेर थंडी आहे."

पुढं आगगाडी होती. मग फलाटावर दोन रांगा होत्या. आई आणि लहान भाऊ एका रांगेत गेले आणि ही दुसऱ्या. "मी मांगं वळून नाही पाह्यलं," बाई म्हणाल्या, "मले वाटलं संध्याकाळी भेट होईन." पुढच्या रांगेत कोणी तरी हुंदका दिला. पडद्यावरची म्हातारी मात्र रडत नव्हती, टेबलावरचे ब्रेडचे कण बोटानं गोळा करत होती.

मग ती म्हणाली, आणि बाई तिच्यामागून म्हणाल्या, "मारनाऱ्यांचे नाव मले माहीत नाहीत. ते परके होते. पन आमाले रस्त्यानं नेत होते तवा खिडकीत कोन कोन उभं होतं, ते मले सगळं माहीत आहे. कोनाच्या हातात कप होता, तेही." आणि ती म्हातारी नावं सांगू लागली. एकेक नाव, पुरं, आडनावासकट. बाईंनी पहिली दोन-तीन नावं अडखळत म्हटली. मग त्या गप्प झाल्या. आता पुन्हा बोलतील, मग बोलतील, म्हणून मी वाट पाहत होतो. पडद्यावरची म्हातारी नावं घेत राहिली, आणि पडद्याच्या उजेडात बाई हॉलकडे पाहत होत्या, एका तोंडावरून दुसऱ्या तोंडावर, ओळीनं. सगळी त्यांची ओळखीची तोंडं. बाईंचे ओठ पांढरे पडले होते. मी इतकी वर्षं त्यांना ओळखत होतो, पण त्या घाबरलेल्या मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसल्या. ज्या माणसानं कधी घाबरू नये असं आपल्याला वाटतं ते माणूस घाबरलं की आपल्याला धरायला काही उरत नाही.

बारदाने काढले, ऊन आत आलं, पोरं घरी गेली. बाई खुर्चीवर बसून होत्या. म्हणाल्या, "सर, मी हे दोनदा वाचलं होतं. पन तोंडानं म्हटलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई अंगण झाडत नव्हत्या, म्हणून मी बाहेर आलो, तर फाटकातून इंदूमावशी आणि आणखी चार-पाच बाया आत येत होत्या. प्रत्येकीच्या हातात डबा. त्या ओसरीवर येऊन बसल्या, डोक्यावर पदर घेतला आणि इंदूमावशींनी हळू आवाजात रडायला सुरुवात केली. बाई घाबऱ्याघुबऱ्या बाहेर आल्या. कोण गेलं? कोणाचं काय झालं? एका म्हातारीनं बाईंचा हात हातात घेतला आणि म्हणाली, माय गेली न् तुझी, लहान भाऊ गेला, आम्हाला कसं माहीत नाही ग बाई. ती कानानं अधू होती, तिला खरंच सगळं बाईंचंच वाटलं होतं. पण बाकीच्यांना वाटलं नव्हतं. मला आधी हसू आलं होतं, ते इंदूमावशींचं बोलणं ऐकून विरलं.

"त्या बाईचं गाव दूर आहे, मॅडम," इंदूमावशी म्हणाल्या. "तिच्यापर्यंत डबा कसा न्यावा? आपन मयत ऐकलं, तर बसाले जा लागते. ते बाई तुमच्या तोंडानं बोलली, म्हनून तुमच्या घरी आलो."

डबे उघडले गेले. मोकळा भात आणि फोडणी न घातलेलं पिवळं वरण. बाई त्या वरणाकडे बराच वेळ पाहत राहिल्या. त्यांचे डोळे भरले, मला वाटलं आता त्या जेवतील. त्यांनी विचारलं, "इंदूमावशी, दिवाळीत देवकाच्या घरी किती डबे गेले?"

इंदूमावशींनी पदर सारखा केला.

"तिची गोष्ट वेगळी आहे, मॅडम."

"तुम्ही नाही गेल्या. मीही नाही गेली," बाई म्हणाल्या. "समुद्रापलीकडच्या बाईसाठी तुम्ही डबा आनला. देवका बोडीवर दोन महिन्यांपासून उपाशी आहे."

बाया उठल्या. भांडण झालं नाही, कोणी वर आवाज केला नाही, फक्त उठल्या आणि डबे तिथंच ठेवून गेल्या. बाईंनी त्यांतला एक डबा झाकला, चपला घातल्या आणि भर सकाळी गावाच्या मधल्या रस्त्यानं बोडीकडे निघाल्या. मी मागून गेलो, जरा अंतर ठेवून. दारादारांत माणसं उभी होती. कोणाच्या हातात दात घासायचा ब्रश, कोणाच्या हातात चहाचा कप.

देवकानं दार उघडलं तेव्हा ती आमच्यापेक्षा जास्त घाबरली. इतक्या दिवसांत दारावर माणूस आला म्हणजे वाईटासाठीच आला असणार, असं तिला वाटलं. बाई जमिनीवर बसल्या, डबा उघडला आणि भात कालवून पहिला घास तिच्या तोंडाशी नेला. देवकानं तो खाल्ला की नाही ते मी पाहिलं नाही, मला पाहवलं नाही.

त्या दिवसापासून बाई शाळा सुटली की बोडीवर जायच्या आणि दिवेलागणीपर्यंत देवकाच्या ओट्यावर बसून वह्या तपासायच्या. लोक म्हणाले, मॅडमला बाधा झाली. कोणी म्हणाले, मॅडम निडर आहे, तिला काय. यातलं एकही खरं नव्हतं. मी शेजारच्या खोलीत राहत होतो, मला माहीत आहे. बाई दिवसा दाराला कडी लावायला लागल्या होत्या. पेपरातली नावं वाचणं बंद झालं होतं. पूर्वी रस्त्यात कोणी "नमस्ते मॅडम" म्हटलं की खूश व्हायच्या, आता दचकायच्या. एकदा चहा ओतता ओतता त्यांनी कप खाली ठेवला आणि सांगून टाकलं, "सर, मले लय भेव लागते. हे सगळे माझे पोरं आहेत. मी शिकवले. वाकून नमस्कार करनं मीच शिकवलं."

मी समजूत घालायला गेलो. म्हटलं, बाई, कुठं ते लाखो लोक आणि कुठं आपलं एवढंसं गाव. बाई म्हणाल्या, "त्याची बरोबरी नाही करून राहिली मी. ते करनं पाप होईन. मी फक्त सुरुवात पाहून राहिली. सुरुवातीले तिथंही कोनी मेलं नव्हतं. मैत्रीण बाजूले बसत नव्हती, बस."

मग रमेशच्या भावाचा मुलगा तापानं फणफणला. भगताकडे नेला. भगतानं यावेळी बोडीकडे बोट केलं.

त्या संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी आणि बाई बोडीच्या वाटेवर होतो. समोरून रमेश मोटारसायकलवर आला. गाडी थांबवून उतरला, बाईंच्या पाया पडला. त्याचे डोळे जागरणानं लाल होते. आवाज मात्र मऊ होता, घरच्यासारखा. म्हणाला, "मॅडम, आज तिकडं नका जाऊ. घरी जा." बाईंनी विचारलं, काहून? रमेश जमिनीकडे पाहत म्हणाला, "थंडी लय आहे आज. तुमी शाल पन नाही आनली."

बाईंनी माझं मनगट धरलं. रमेशनं तो चित्रपट पाहिला नव्हता. त्या दिवशी तो शेतावर होता. त्याला कोणी सांगितलंही नसेल. तो आपल्या जुन्या मॅडमची काळजी करत होता, अगदी मनापासून, आणि तेच सगळ्यांत भयंकर होतं.

बाई घरी परतल्या. मी म्हटलं, चला, सुटलो. त्यांनी पेटीतून शाल काढली, अंगावर घेतली, फाटक लावलं आणि पुन्हा बोडीकडे चालू लागल्या. मी माझी मोटारसायकल हातानं ढकलत, बाई, बाई करत मागे. पोलीस पाटलाला फोन लावला तर ते लग्नाला भंडाऱ्याला गेलेले. पोलीस ठाण्याला लावला तर गाडी पाठवतो म्हणाले. गाडी यायला किती वेळ लागतो ते आमच्याकडच्या माणसाला सांगायची गरज नाही.

देवकाला आत बसवून बाईंनी दार ओढून घेतलं आणि ओट्यावर बसल्या. उन्हं गेली होती, पण दिसत होतं. पाळीवरून माणसं आली. वीस-पंचवीस असतील. काही हातांत काठ्या होत्या, एकाकडे रॉकेलचा डबा होता. कोणी घोषणा देत नव्हतं, शिव्याही देत नव्हतं. ती माणसं एकाच अंगाची असल्यासारखी पुढं येत होती. मी माझ्या गाडीच्या मागे उभा होतो, हातात फोन, आणि तो कशासाठी धरला आहे हे मला आठवत नव्हतं.

बाई उभ्या राहिल्या. त्यांचे पाय कापत होते, शालीचं टोक हलत होतं ते मला लांबून दिसत होतं.

"रमेश दामाजी शरणागत," बाई म्हणाल्या. आवाज चिरका निघाला. "मी तुले पाहून राहिली."

माणसं थांबली नाहीत.

"सुनील तुळशीराम रहांगडाले. तुलेही पाहून राहिली. काठी आहे तुया हातात. प्रदीप ज्ञानेश्वर ठाकरे. तुया हातात डबा आहे." त्या श्वास घ्यायला थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या. नाव, बापाचं नाव, आडनाव. आवाज इतका कापत होता की नावं मधेच तुटत होती, तेव्हा त्या तुटलेलं नाव पुन्हा पहिल्यापासून घेत. "माधव सीताराम. मांगं लपू नको, मान दिसून राहिली तुई." कोणालाही त्या थांबा म्हणाल्या नाहीत, चूक-बरोबर सांगितलं नाही. फक्त नावं घेत गेल्या आणि प्रत्येकाकडे बघत गेल्या, एकालाही न गाळता, आणि मागच्या बाजूनं कोणी तरी, वर्षानुवर्षांची सवय, हळूच म्हटलं, "हजर, मॅडम."

कोणी हसलं नाही. पण त्यानंतर त्या घोळक्यात फटी पडायला लागल्या. डबा घेतलेल्या प्रदीपनं तो पायाशी ठेवला आणि त्याच्यापासून दोन पावलं बाजूला सरकला.

"रमेश," बाई म्हणाल्या, आता फक्त रमेश, "पोरगा कुठं आहे? तुमसरले न्या त्याले. आत्ता. सर गाडी काढतात. तुयी पोरगी गेली तवा मी आली नव्हती. आली पाहिजे होती."

रमेश मटकन खाली बसला आणि तोंड झाकून रडायला लागला. मी गाडी काढली. आजारी मुलाला मधे धरून रमेश माझ्यामागे बसला, आणि तुमसरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत त्याच्या दातांचा आवाज मला मानेजवळ ऐकू येत होता. मुलगा वाचला. टायफाइड होता. गावात त्याचं श्रेय भगताच्या अंगाऱ्याला मिळालं.

पश्चात्ताप वगैरे कोणाला झाल्याचं मला दिसलं नाही. पोलिसांची गाडी आली, चहा पिऊन गेली. दुसऱ्या दिवशी इंदूमावशी एक डबा घेऊन बोडीवर आल्या, देवकाच्या कुंपणाच्या खुंटाला अडकवला आणि परत गेल्या. बसल्या नाहीत. पण डब्यात वरणाला फोडणी नव्हती, हे बाईंनी मला दोनदा सांगितलं.

बाई पुढच्या वर्षी निवृत्त झाल्या. मुलगा न्यायला आला होता, गेल्या नाहीत. माझी बदली साकोलीला झाली तेव्हा सामान टेम्पोत घालून मी निरोप घ्यायला बोडीवर गेलो, त्या घरी भेटणार नाहीत हे मला माहीत होतं. दोघी ओट्यावर बसल्या होत्या. देवका लाखोळीची भाजी निवडत होती. बाईंच्या अंगावर तीच शाल होती, उन्हाळा तोंडावर आला असूनही. केस सगळे पिकले होते. मी विचारलं, बाई, आता कशाला बसता रोज? सगळं निवळलं की.

"निवळलं," बाई म्हणाल्या. "पन भेव नाही गेलं, सर. गेलं असतं तर मी बसली नसती."

बोलताना त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. पाळीवरून एक सायकल गेली, बाईंचे ओठ हलले. पेंढ्याचे भारे घेऊन ट्रॅक्टर गेला, ओठ हलले. मला वाटलं पोथी म्हणतात की काय, म्हणून कान दिला. रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाचं त्या पुरं नाव घेत होत्या, अगदी हळू, स्वतःशी, एकही न चुकवता.

मी नमस्कार केला, गाडी सुरू केली आणि निघालो. दहा-वीस पावलं गेलो असेन. मागून बाईंचा आवाज आला, तितकाच हळू, रोजचा.

"कापगते सर."

मी मागे वळून पाहिलं. त्या हाक मारत नव्हत्या.